घामाचे दाम आणि बहिणीचा हिस्सा

शेतकऱ्याचा मुलगा शिकून मोठा साहेब झाला, अशा गोष्टी आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळतात. साहेब असलेला माणूस चांगली नोकरी सोडून कोरडवाहू जमिनीचा शेतकरी झाला आणि त्या शेतीच्या हिशेबाने त्याला पुढे संसदेपर्यंत नेले, अशी गोष्ट मात्र विरळा. शरद जोशी यांची गोष्ट तशी आहे. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावून एकेकाळी फिरलेले म्हातारे शेतकरी आमच्या सोलापूर जिल्ह्यात आजही भेटतात. त्यांत शेख, मुलाणी, पठाण अशा आडनावांचेही आहेत.

आम्ही दोघे नवरा-बायको सोलापूरजवळ शेती करतो. कांदा, तूर आणि ज्वारी ही आमची पिके. शरद जोशींविषयी या मासिकात लिहावेसे वाटले, त्याचे कारण राजकारण नाही. त्यांनी आयुष्यभर दोन हिशेब मांडले. पहिला शेतकऱ्याचा बाजाराशी आणि सरकारशी असलेला हिशेब. दुसरा शेतकऱ्याच्या घरातल्या बाईचा हिशेब. पहिला पुष्कळांना पाठ आहे. दुसऱ्याची आठवण फारशी निघत नाही, आणि आपल्या मुस्लिम घरांना त्या दुसऱ्या हिशेबाची जास्त गरज आहे, असे आम्हाला वाटते.

शरद जोशींचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ चा, साताऱ्याचा. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी एम.कॉम. केले. १९५८ मध्ये ते भारतीय टपाल सेवेत अधिकारी झाले. दहा वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी, जागतिक टपाल संघटनेच्या कचेरीत गेले. ही संयुक्त राष्ट्रांशी जोडलेली संस्था. पगार, मान, मुलींचे शिक्षण, कशाला कमी नव्हते. तरीही सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ती नोकरी सोडली, भारतात परतले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण या गावी वीसेक एकर कोरडवाहू जमीन घेतली. तिला नाव दिले अंगारमळा. जगभर गरिबी हटवण्याच्या गोष्टी ऐकत बसण्यापेक्षा गरीब देशातला शेतकरी गरीब का राहतो, ते स्वतः शेत करून बघावे, असा त्यांचा विचार होता.

शेतात त्यांनी केले ते फार साधे होते. नांगरट, बी, खत, औषध, मजुरी, वाहतूक, आडत, सगळ्याची नोंद ठेवली. पीक चांगले आले तरी हातात काही उरत नाही, हे वहीत दिसू लागले. तोवर शेतकऱ्याला सगळे एकच सांगत आले होते की तू आळशी आहेस, अडाणी आहेस, लग्नात उधळतोस, म्हणून कर्जात आहेस. जोशींनी वही पुढे धरली आणि सांगितले की उत्पादनाचा खर्चच भरून निघत नाही, तिथे माणूस कितीही कष्टाळू असला तरी कर्जात जाणारच. शहरात धान्य, कांदा, साखर, कापूस स्वस्त राहावा म्हणून निर्यातबंदी, लेव्ही, परदेशातून आयात अशा मार्गांनी सरकार भाव पाडते, हे त्यांनी उघड बोलायला सुरुवात केली. ९ ऑगस्ट १९७९ रोजी चाकणला शेतकरी संघटना उभी राहिली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही तिची घोषणा.

हा हिशेब जुना झाला असे कोणाला वाटत असेल, तर त्याने सोलापूरचा कांदा बाजार बघावा. आमच्या बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. राज्यातल्या मोठ्या कांदा बाजारांत तिची गणना होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने इथे ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. म्हणजे ५१२ रुपये झाले. त्यातून गाडीभाडे, हमाली, तोलाई असे ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले आणि हिशेबपट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे. हातात चेक पडला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. माल हलका होता, असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते. असेलही. पण हलका कांदासुद्धा पेरावा लागतो, खुरपावा लागतो, काढावा लागतो. त्या वर्षी सरकारने मग क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. त्याच साली ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आमचा लाल कांदा बाजारात येण्याचा तोच महिना. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तोवर तो कांदा विकून झाला होता. एका हाताने भाव पाडायचा आणि दुसऱ्या हाताने अनुदान द्यायचे. जोशींची घोषणा याच रीतीविरुद्ध होती.

या हिशेबाशी आपल्या दीनचे काही नाते आहे का, असा प्रश्न आम्हाला पडत आला आहे. आहे, आणि ते फार जवळचे आहे. उश्रचाच विचार करा. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग द्यायचा, आणि मोट, विहीर, पंप असे कष्ट आणि पैसा घालून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा भाग. हा फरक कशासाठी? कष्ट आणि खर्च वाढला तर देणे कमी झाले पाहिजे, एवढ्यासाठी. म्हणजे शेतकऱ्याकडे काही मागण्याआधी त्याने पाण्यावर काय घातले ते बघा, ही गोष्ट शरीयतने चौदाशे वर्षांपूर्वी गृहीत धरली आहे. कुरआनात मापात मारणाऱ्यांवर एक पूर्ण सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना तौहीदपाठोपाठ मापतोल नीट ठेवण्याचीच ताकीद दिली होती.

आपल्या समाजात शेतकरी आहेत, तसे बाजारात बसणारेही आहेत. सोलापुरात भाजी आणि फळांच्या व्यापारात बागवान मंडळी पिढ्यानपिढ्या आहेत. शरद जोशी व्यापाऱ्याचे वैरी नव्हते, हे त्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते. बाजार खुला असावा, चार गिऱ्हाईक समोरासमोर असावेत, निर्यात चालू असावी, म्हणजे भाव आपोआप सुधारेल, असे ते म्हणत. त्यांचा रोख सरकारच्या धोरणावर होता. मात्र काट्यावर आणि पट्टीवर जो हिशेब होतो त्याची जबाबदारी काट्याजवळ बसणाऱ्याचीच आहे. ती कोणत्याही सरकारवर ढकलता येत नाही.

१९८० च्या जानेवारीत रस्त्याच्या मागणीसाठी वांद्रे ते चाकण असा पायी मोर्चा निघाला. त्याच वर्षी चाकणला कांद्याचे आंदोलन झाले, आणि नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात लाखो शेतकरी रस्त्यावर आले. कांद्याला क्विंटलला ५० ते ७० रुपये आणि उसाला टनाला ३०० रुपये, ही त्यांची मागणी. खेरवाडीला रेल्वे अडवणाऱ्यांवर गोळीबार झाला, दोघे मेले. पुढच्या वर्षी निपाणीत तंबाखूचे शेतकरी आडव्या रस्त्यावर ठाण मांडून बसले, तिथेही गोळ्या चालल्या. सोलापुरात हजारो घरांतून बाया बिड्या वळतात. त्यांना निपाणीच्या तंबाखूचे नाव परके नाही. १९८३ मध्ये तर संघटनेने आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, शेतकऱ्यांचा प्रचंड मेळावा भरवला आणि विठोबाला साकडे घातले.

या सगळ्या गर्दीत जात आणि धर्म विचारला जात नव्हता. कांद्याचा उत्पादनखर्च हिंदूला वेगळा आणि मुसलमानाला वेगळा येत नाही. लातूर जिल्ह्यातले पाशा पटेल हे याच संघटनेतून वर आलेले कार्यकर्ते. पुढे त्यांनी पक्ष वेगळा निवडला, आमदार झाले, राज्याच्या कृषिमूल्य आयोगाचे अध्यक्ष झाले. पक्षाविषयी ज्याचे त्याचे मत काहीही असो, एका मुस्लिम शेतकऱ्याला सगळ्या जातींच्या शेतकऱ्यांनी आपला नेता म्हणून ऐकून घेतले, ही गोष्ट त्या चळवळीने घडवली.

आता दुसऱ्या हिशेबाकडे येऊ.

सभांना बाया येत होत्या, तुरुंगातही जात होत्या. त्यांच्याशी बोलताना जोशींच्या लक्षात आले की शेतकऱ्याला भाव मिळाला तरी त्याच्या घरातल्या बाईच्या आयुष्यात आपोआप फरक पडत नाही. शेतातले निम्म्याहून अधिक काम ती करते. पेरणीला ती, खुरपणीला ती, कांदा काटणीला ती. पण पट्टी तिच्या नावाने निघत नाही, जमीन तिच्या नावावर नाही, आणि नवऱ्याने टाकले किंवा नवरा गेला तर ती त्याच शेतात परकी ठरते. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला संघटनेने शेतकरी महिलांचे अधिवेशन घेतले. लाखाहून अधिक बाया आल्या होत्या. खेड्यातल्या बायांचा एवढा मोठा मेळावा आणि त्यात बोलणाऱ्याही बायाच, असे त्याआधी कोणी फारसे पाहिले नव्हते.

त्यानंतर काही वर्षांनी जोशींनी पुरुष शेतकऱ्यांपुढे एक मागणी ठेवली. सरकारकडे तुम्ही घामाचे दाम मागता, तर तुमच्या घरातल्या लक्ष्मीच्या घामाचे दाम तुम्ही द्या. जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करा. या कार्यक्रमाला त्यांनी नाव दिले लक्ष्मीमुक्ती. जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे त्यात पुढे आलेले गाव. तिथे शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन केली. मग बऱ्याच गावांनी ते केले. १९९२ मध्ये राज्याच्या महसूल विभागानेही लक्ष्मीमुक्ती याच नावाने परिपत्रक काढले, त्यानुसार नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. ज्यांना करायचे असेल त्यांनी तलाठी कार्यालयात आजही विचारावे.

आम्हाला या माणसाचा मोठेपणा इथे दिसतो. मोर्चा काढून दुसऱ्याकडे मागणे सोपे असते. आपल्याच मागे आलेल्या लाखो पुरुषांना, आता तुमच्या घरचे देणे द्या, असे सांगणे कठीण. त्याने टाळ्या कमी होतात. जोशींनी ते सांगितले.

राजकारणात त्यांना तसे यश आले नाही. चळवळीच्या सुरुवातीला, मी मते मागायला आलो तर मला जोड्याने मारा, अशा अर्थाचे ते बोलले होते. पुढे विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना शेतीविषयक सल्लागार समितीचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, निवडणुका लढवल्या आणि हरले. लोकांतून निवडून येणे त्यांना जमले नाही. त्यांच्याच चळवळीत घडलेले राजू शेट्टी २००९ मध्ये थेट लोकसभेत गेले, पण खुद्द जोशी संसदेत पोचले ते राज्यसभेच्या मार्गाने, २००४ साली, भाजप-शिवसेना आघाडीच्या मदतीने. त्याआधी वाजपेयी सरकारच्या काळात त्यांनी शेतीविषयक कार्यदलाचे अध्यक्ष म्हणून काम केले होते. आपल्यापैकी पुष्कळांना ही सोबत रुचली नाही, आम्हालाही रुचली नाही. गुजरातच्या २००२ च्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. ज्याने शेतकऱ्याला धर्म नसतो असे शिकवले त्याने हा आधार घ्यावा, याचे वाईट वाटले. जागतिक व्यापार खुला करण्याला त्यांनी दिलेला पाठिंबाही अनेक शेतकऱ्यांना पटला नव्हता. माणसाचे सगळेच घ्यावे लागते असे नाही. जे खरे आहे ते घ्यावे, बाकीचे त्याच्याजवळ राहू द्यावे.

राज्यसभेत त्यांच्या नावावर एक मत कायमचे नोंदले गेले आहे. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत मंजूर झाले. बाजूने १८६ मते पडली, विरोधात एक. ते एक मत शरद जोशींचे. चांदवड भरवणारा माणूस बायकांच्या विरोधात कसा गेला, असे त्या वेळी विचारले गेले. त्यांचा आक्षेप बायकांना जागा देण्याला नव्हता. राखीव मतदारसंघ सोडतीने दर निवडणुकीला बदलत राहिले तर निवडून आलेली बाई तिथे पाय रोवू शकणार नाही आणि पुढच्या वेळी तिला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते बरोबर होते की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण नावापुरते देणे आणि खरोखर हातात देणे यांत ते फरक करत होते. लक्ष्मीमुक्तीतही त्यांचा आग्रह तोच होता. बाईचे नुसते गुणगान नको, सातबाऱ्यावर नाव पाहिजे.

आणि इथेच आम्हाला आपल्या घरांविषयी बोलायचे आहे.

ज्या गोष्टीसाठी जोशींना गावोगाव फिरून पुरुषांचे मन वळवावे लागले, ती आपल्याकडे मन वळवण्याची बाबच नाही. ती फर्ज आहे. सूरह निसाच्या सातव्या आयतीने सांगून टाकले आहे की आई-वडील आणि जवळचे नातेवाईक जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा आहे, मग ती संपत्ती थोडी असो की पुष्कळ. अकराव्या आणि बाराव्या आयतीत कोणाला किती ते आकड्यांनी दिले आहे. तेराव्या-चौदाव्या आयतीत या अल्लाहने घालून दिलेल्या हद्दी आहेत, त्या पाळणाऱ्याला काय आणि ओलांडणाऱ्याला काय, तेही सांगितले आहे. नमाजच्या रकअतींचे आकडे कुरआनात असे मोजून दिलेले नाहीत, विरासतीचे दिले आहेत.

या हुकमामागची घटनाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उहुदच्या लढाईत हजरत सअद बिन रबीअ (र.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी संपत्ती ताब्यात घेतली. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि म्हणाली की यांच्याजवळ काही उरले नाही, यांची लग्ने कशी व्हायची? तेव्हा विरासतीची आयत उतरली. प्रेषितांनी मुलींच्या चुलत्याला बोलावून दोन तृतीयांश मुलींना, आठवा भाग त्यांच्या आईला द्यायला लावला आणि उरलेले त्याला ठेवायला सांगितले. मदीना खजुरीच्या बागांची आणि शेतीची वस्ती होती. हा हुकूम ज्यांच्यात आधी अमलात आला ते अन्सार शेती करणारे लोक होते. तेव्हा शेतजमिनीची गोष्ट वेगळी, असे म्हणायला आपल्याला जागा उरत नाही. १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, हे खरे. पण तो अपवाद इंग्रजांच्या कायद्यातला आहे, अल्लाहच्या हुकमात नाही.

आमच्या भागातल्या गावांत काय घडते ते आम्ही बघतो. बाप गेला की वारसनोंद होते, तीत मुलींची नावे लागतात. वर्षभरात भाऊ गाडी घेऊन बहिणींना आणायला जातो. जेवण होते, साडी होते, आणि तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोड पत्रावर बहिणींच्या सह्या होतात. बहीण खुशीने सही करते, असे सांगतात. पण सही केली नाही तर ईदला कोण बोलावणार, बाळंतपणाला कोण नेणार, नवऱ्याशी बिनसले तर कोणाच्या दारात जायचे, हे तिच्या डोळ्यांपुढे असते. ज्या सहीमागे ही भीती आहे तिला राजीखुशीची सही म्हणता येत नाही. बहिणीला खरोखर सोडायचे असेल तर आधी तिचा हिस्सा तिच्या हातात येऊ द्यावा, ती त्याची मालक होऊ द्यावी, मग तिला वाटले तर ती भावाला देईल. असे किती जणी देतात, ते मग दिसेल.

भावांची कारणेही आम्हाला ठाऊक आहेत. तिच्या लग्नात खर्च केला, असे एक. लग्नाचा खर्च बापाने केला, तो विरासतीतून वजा होत नाही, आणि भावांच्या लग्नांतही खर्च झालेलाच असतो. जमीन थोडी आहे, तुकडे पडतील, असे दुसरे. जमीन थोडी असण्याचे कारण तर त्या आयतीतच खोडून काढले आहे. तुकडे पाडावेच लागतात असेही नाही. नाव सातबाऱ्यावर सामाईकात राहू शकते, भाऊ सगळी जमीन कसू शकतो आणि बहिणीचा वाटा बटईने किंवा खंडाने देऊ शकतो. घ्यायचीच असेल तर गावात चालू असलेल्या भावाने तिच्याकडून विकत घेऊ शकतो.

आम्हा दोघांपैकी जी या घरात सून म्हणून आली, तिच्या माहेरचे उदाहरण सांगतो. वडील गेले तेव्हा मागे आई, दोन भाऊ आणि तीन बहिणी होत्या. जमीन आठ एकर. आधी सोसायटीचे कर्ज फेडले, कारण वसीयत आणि कर्ज आधी हे आयतीतच आहे. मग मशिदीतल्या मौलानांनी इशानंतर बसून कागदावर मांडणी केली. आईचा आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. राहिलेल्या सात एकरांत मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. दोन्ही भावांना दोन-दोन एकर, तिघी बहिणींना एक-एक एकर. हिशेब पाच मिनिटांत झाला.

त्यापुढचे मात्र पाच मिनिटांत झाले नाही. विहीर थोरल्या भावाने स्वतःच्या पैशाने खोदली होती, ती बहिणींच्या हिश्श्यात कशी धरायची, यावर महिनाभर बोलणी चालली. शेवटी ठरले की विहिरीचा खर्च त्याचा त्याला मोजून द्यायचा आणि विजेचे बिल ज्याच्या त्याच्या क्षेत्राप्रमाणे पडायचे. थोरल्याच्या मनाला ते सुरुवातीला जड गेले, हे खरे. आज तिघी बहिणींची नावे सातबाऱ्यावर आहेत. जमीन भाऊच कसतात, आणि कांदा विकला की पट्टीची नक्कल आणि अर्धलीचे पैसे बहिणींकडे येतात. कांद्याला भाव नसतो त्या वर्षी नुसतीच पट्टी येते. पण पट्टी येते, आणि येणेजाणेही पूर्वीसारखेच आहे.

सातबाऱ्यावर नाव असण्याचे महत्त्व कागदापुरते नाही. पीककर्ज, पीकविमा, सरकारी अनुदान हे सगळे त्या नावाला मिळते. सोलापूरभोवती महामार्गांसाठी जमिनी गेल्या, मोबदलाही कागदावरच्या नावाला आला. ज्या बहिणींनी दहा वर्षांपूर्वी हक्कसोड केली होती त्यांना त्यातले काही मिळाले नाही, आणि मग भावा-बहिणींत बोलणे तुटले, अशी घरे आम्हाला माहीत आहेत. हिस्सा मागितल्याने नाती तुटतात असे म्हणतात. आमच्या पाहण्यात तरी ती न दिल्यानेच जास्त तुटली आहेत.

बायकोचे निराळे आहे. नवऱ्याच्या पश्चात तिला मुले असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. पण त्याच्या हयातीतही तिला देता येते. मेहर राहिला असेल तर तो देणेच आहे, आणि तो जमिनीच्या रूपाने देता येतो. त्याशिवाय हिबा करता येतो. जोशींचा लक्ष्मीमुक्तीचा विचार आपल्याकडे मेहर आणि हिबा या जुन्या शब्दांत सहज बसतो. मात्र बायकोला दिले म्हणून बहिणीचे आणि मुलीचे माफ होत नाही. लक्ष्मीमुक्ती बायकोपाशी थांबली होती. आपल्याला त्यापुढे जायचे आहे.

आम्हाला कांद्याला भाव पाहिजे. निर्यातबंदी अचानक येऊ नये, काट्यावर माल नीट मोजला जावा, पट्टीत उगाच कपात होऊ नये, हे आम्ही मागत राहू. तो आमचा हक्क आहे आणि शरद जोशींनी तो मागायला शिकवले. पण ज्या जमिनीच्या मालाला आम्ही न्याय्य भाव मागतो, त्या जमिनीत बहिणीचा दाबून ठेवलेला हिस्सा असेल तर ती मागणी करताना आवाज खाली जातो. सरकारला हे कळणार नाही, बाजार समितीला कळणार नाही. अल्लाहला कळते.

या जिल्ह्यात पुष्कळ मुस्लिम शेतकरी कुटुंबांत वडिलांची जमीन अजून वाटणीची राहिली आहे, कुठे फुफींची नावे कमी होऊन वीस वर्षे झाली आहेत. फुफी हयात असतील तर अजून उशीर झालेला नाही. त्या गेल्या असतील तर त्यांची मुले आहेत. मशिदीच्या इमामांना विचारून हिशेब मांडावा, तलाठी कार्यालयात जाऊन नाव लावावे. अल्लाह आपल्या सगळ्या घरांना हे करण्याची तौफीक देवो, आणि आपल्या शेतीत आणि काट्यात बरकत देवो. आमीन.